जुन्या बोरवणचं अधिवेशन

सरांच्या तोंडून ‘डावीकडं’ किंवा ‘उजवीकडं’ हे शब्द आम्ही कधी ऐकले नव्हते. ते दिशा सांगत. एकदा स्टाफरूममध्ये डबा खाताना ते माझ्याकडं बराच वेळ रोखून बघत राहिले. मी अवघडले. मग ते गंभीरपणे म्हणाले, “मॅडम, आपल्या नैर्ऋत्येच्या दातात मेथी अडकली आहे.” मी उठून आरशाकडं निघाले, तर मागून म्हणाले, “आरशात बघताना जपून. तिथं पूर्व-पश्चिम उलटी होते.” त्या मेथीचं पान काढायला मला खरोखरच वेळ लागला.

नंदुरबारच्या आमच्या कॉलेजात सर भूगोल शिकवत. आजूबाजूला सगळे अहिराणी बोलत; शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचा कारभार ‘शे’ आणि ‘नही’वर, म्हणजे ‘आहे’ आणि ‘नाही’वर, चालायचा. सर मात्र छापील मराठी बोलत. रिक्षावाल्यालासुद्धा “आपण मला स्थानकापर्यंत सोडू शकाल का?” असं विचारत, आणि रिक्षावाला आधी मागं वळून बघे, हा आपल्याशीच बोलतोय ना म्हणून.

मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. म्हणाले, “आपल्या गावचं पाणी कुठं जातं?”

मी कळसाडीची. ऊस-कापसात वाढलेली, नदीखोऱ्यांवर जाडजूड प्रबंध लिहून आलेली. म्हटलं, “गटारीत.”

“आणि गटार?”

“नाल्यात जात असेल.”

“असेल?” एवढंच म्हणून सर वर्गावर निघून गेले. मला इतका राग आला की पुढच्या रविवारी मी गावी जाऊन नाल्याच्या काठाकाठानं चालत सुटले. माझ्या मागं माझे वडील. त्यांना वाटलं, पोरीचं लग्नाचं काहीतरी बिनसलंय आणि ही जीव द्यायला निघालीय. दुपारपर्यंत आम्ही दोघं उन्हात करपलो. पण कळसाडीचं पाणी कुठून कुठून तापीला जातं ते मला कळलं. सोमवारी सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं.

हा प्रश्न त्यांनी लग्नाच्या बोलणीतही विचारला होता. काकू, म्हणजे सरांच्या बायको, तापीकाठच्या प्रकाशा गावच्या. पोहे घेऊन आल्या, तर मुलगा विचारतोय, गावचं पाणी कुठं जातं! काकू सांगायच्या, “मी म्हनं, माले काय माहीत? घाटनी पायरीखालतून जास तेवढं माहीत शे. तर हाई मानूस हासना. म्हने, ते आमना गावले येस.” लग्न ठरलं. सरांच्या घरात मुलीकडची आणि मुलाकडची अशी भाषा नव्हती; नदीच्या वरच्या अंगाची माणसं आणि खालच्या अंगाची माणसं, एवढंच.

वर्गात ते नकाशा भिंतीवर टांगत नसत. टांगलेल्या नकाशामुळं उत्तर दिशा वर असते असं पोरांना वाटतं, आणि वर तर पंखा असतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या भागाचा कापडी नकाशा ते जमिनीवर अंथरत आणि पोरांना चपला काढून आपापल्या गावावर उभं राहायला सांगत. तोरणमाळची पोरं एका टोकाला, नवापूरची दुसऱ्या टोकाला, शहाद्याची एकमेकांच्या पायावर. पाड्यांवरची काही पोरं नकाशात नसलेल्या गावांची असत. ती दाराशी घुटमळत. मग सर खडू घेऊन गुडघ्यावर बसत, त्या पोराला विचारत विचारत त्याचा पाडा काढत आणि म्हणत, “या, उभे राहा.” स्वतः सर नकाशाच्या पश्चिमेच्या कडेला, तापीच्या रेघेशी उभे राहत. तो नकाशा धरणाच्या आधीचा होता हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सरांचं गाव बोरवण. खाली गुजरातेत धरण झालं आणि त्याच्या पाण्याचा फुगवटा आमच्या जिल्ह्यात शिरला, तेव्हा सर शाळेत शिकत होते. गाव उठलं, वरच्या माळावर जाऊन बसलं आणि त्याला सरकारनं ‘नवे बोरवण’ नाव दिलं. तिथं सरळ रस्ते आहेत, सभागृह आहे, पाण्याची उंच टाकी आहे. जुनं बोरवण पाण्याखाली. अगदी कडक उन्हाळ्यात, तेही एखाद्याच वर्षी, मारुतीच्या देवळाचा कळस वर येतो. त्या वर्षी सर सुट्टी टाकून काठावर जाऊन बसत. रजेच्या कारणात ‘गावी जाणे’ असं लिहीत.

आता आमच्या परिषदेबद्दल सांगायला हवं. जिल्ह्यातल्या भूगोलाच्या अध्यापकांची ही परिषद, आणि तिची एक जुनी, खरोखर चांगली रीत होती. जो सदस्य निवृत्त होणार, त्याच्या मूळ गावी त्या वर्षीचं, दिवाळीनंतरचं अधिवेशन भरायचं आणि तोच अध्यक्ष असायचा. शेवटचं सत्र स्थळवाचनाचं. म्हणजे अध्यक्षानं सगळ्यांना वेशीपासून पायी फिरवायचं आणि आपलं गाव वाचून दाखवायचं: माती कुठली, उतार कुठं, विहिरीला पाणी का लागतं, वस्ती इथंच का बसली. माणूस स्वतःच्या पायाखालचं बोलला की खरा भूगोल कळतो, असा ती रीत घालणाऱ्यांचा विचार असावा.

पुढं तिचं जे व्हायचं ते झालं. धानोऱ्याच्या अधिवेशनात अध्यक्षांनी वाचन केलं ते असं : “हाई मन्हं घर, हाई भाऊनं घर, आन मधली भिंतनी केस चालू शे.” मग सगळे टाळ्या वाजवून डाळ-बट्टीकडं वळले. एकानं तर वाचनाला फाटा देऊन शेतातल्या ठिबक सिंचनाची जाहिरातच केली. तरी रीत चालू होती, आणि सरांची पाळी आली.

बैठक आमच्याच स्टाफरूममध्ये झाली. परिषदेचे सचिव आप्पा. शहाद्याकडचे, मोठ्या मनाचे, मोठ्या आवाजाचे. परिषदेचं कुठलंही काम आप्पांशिवाय होत नसे आणि त्यांच्यामुळं कुठलंही काम नीटही होत नसे. त्यांनी सरांचं निवेदन वाचायला घेतलं. “स्थळ : जुने बोरवण.” ते थांबले. “सर, नवे ना?”

“जुने,” सर म्हणाले.

“सर, तठे ते पानी शे.”

“हो. दिवाळीनंतर जरा जास्तच असतं.”

“मंग लोक बसतीन कोठे?”

“ते व्यवस्थापन समितीनं पाहावं. घटनेत ‘सदस्याचे मूळ गाव’ एवढंच लिहिलं आहे. ते कोरडं असावं अशी अट नाही.”

घटना काढली. खरंच तशी अट नव्हती. मग जी चर्चा सुरू झाली ती दोन महिने संपली नाही. गाव म्हणजे काय, हा प्रश्न आम्ही दरवर्षी प्रथम वर्षाला पाच गुणांना विचारतो. आता तो आमच्यावरच आला, आणि भूगोलाच्या भरल्या सभेत कुणाला पाच ओळी जुळवता येईनात. एक म्हणे, वस्ती असेल ते गाव. दुसरा म्हणे, मग ऊसतोडीला सगळं गाव गेलं की ते गाव राहत नाही का? तिसरा म्हणे, महसुली नोंद असेल ते गाव. चौथ्यानं चहा कुठवर आलाय ते विचारलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर फळ्या पडल्या. एका गटाला वाटलं, ‘जुने बोरवण’ असं निमंत्रणपत्रिकेवर छापणं म्हणजे धरणाला विरोध, म्हणजे विकासाला विरोध, म्हणजे उद्या आपलं अनुदान बंद. दुसऱ्या गटाला तेच ऐकून स्फुरण चढलं. त्यांनी निषेध अधिवेशनाची घोषणा केली आणि काळ्या फितींचा रंग किती काळा असावा यावर आपसात भांडण काढलं. महिन्यापूर्वी यातल्या कुणालाही बोरवण कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. सर फक्त म्हणत, “मला कशाचाच निषेध करायचा नाही. मला गाव दाखवायचं आहे.” हे वाक्य दोन्ही गटांना अडचणीचं होतं.

शेवटी उपसमिती नेमली. आप्पांच्या गाडीतून उपसमिती काठावर गेली, तिनं पाण्याचे फोटो काढले, पाण्यासमोर स्वतःचे फोटो काढले, तळलेले मासे खाल्ले आणि अहवाल दिला : “प्रस्तावित स्थळ प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले नाही.” खाली आप्पांची सही. तोडगा म्हणून अधिवेशन नव्या बोरवणच्या सभागृहात घ्यावं, नाव एकच आहे, कुणाची हरकत नसावी.

सर उठून उभे राहिले. “ते माझं गाव नाही. ते माझ्या गावाचं नाव आहे. माझी पाळी गेली तरी चालेल, पण ‘स्थळ आढळून आले नाही’ असं लिहू नका. ‘आम्हाला आढळलं नाही’ असं लिहा.”

सभेत कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले. मला त्या दिवशी आमच्या सगळ्या जमातीची लाज वाटली, माझ्यासकट.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. सर फिरायला गेले होते. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, “काकू, सर एवढे अडून का बसलेत? नव्या गावात घेऊ या ना.”

काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. “बेटा, नवा गावनी पोरं काय म्हनतस माहीत शे का? ‘चाल, बोरवनमा पोवाले जाऊ.’ त्यासले वाटस, बोरवन म्हंजे पानी. यासना दोन्ही भाऊ गयात. गल्ल्या कशा व्हत्यात ते सांगनारं आते कोन्ही ऱ्हायनं नही. हाई एकटाच मानूस शे. एकदाव त्यासले कोनले तरी दखाडानं शे, बस.” मग त्यांनी जुडी परत हातात घेतली. “समजनारा मानसंसले, म्हनतस.”

समजणारी माणसं म्हणजे आम्ही! मला हसू आलं नाही.

या सगळ्या गोंधळातून वाट काढली ती आप्पांनीच. पुढच्या बैठकीला ते उजळ चेहऱ्यानं आले. जलाशयाच्या काठावर नवीन रिसॉर्ट झालं होतं, ‘लेक व्ह्यू’. वातानुकूलित सभागृह, पोहण्याचा तलाव, जेवण अनलिमिटेड. “आन सर,” आप्पा हात पसरून म्हणाले, “गच्चीवरतून तुमनं गाव दखास! डायरेक्ट!”

“आप्पा, गाव नाही दिसत, पाणी दिसतं,” मी तडकून म्हटलं. “सरांच्या गावावरच्या पाण्याकडं बघत तुम्ही पनीर खाणार का?”

आप्पांचा चेहरा पडला. त्यांच्या मनात खरंच तसं काही नव्हतं. सर मात्र खिडकीबाहेर बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, “बोटी आहेत का त्यांच्याकडं?”

“शेत ना! लाल-पिवळ्या. जाकिटसकट.”

“मग चालेल.”

दोन्ही गटांना सर आपल्याला फसवून गेले असं वाटलं. निषेधवाल्यांनी फितींचा गठ्ठा खजिनदाराला परत केला.

अधिवेशन झालं. फलकावर ‘स्थळ : जुने बोरवण (लेक व्ह्यू)’ असं छापलं होतं. शाश्वत विकासावरचे निबंध वाचले गेले. ते ऐकताना मागच्या रांगा नेहमीप्रमाणं झोपल्या. तिसऱ्या प्रहरी स्थळवाचन. निम्मी मंडळी “आम्ही गच्चीवरनं बघतो” म्हणून पोहण्याच्या तलावात उतरली. उरलेले आम्ही जाकिटं चढवून एका मोठ्या मोटरबोटीत बसलो. अंगभर फुगलेले भूगोलाचे प्राध्यापक त्याआधी मी पाहिले नव्हते. काकू हातात पिशवी घेऊन सरांच्या बाजूला बसल्या. बोटवाला नव्या बोरवणचाच, चांगला मिशीवाला बापया. त्यानं विचारलं, “राउंड कोनता? छोटा का मोठा?”

सर बोटीच्या टोकाशी उभे राहिले. त्यांनी नव्या गावाच्या टाकीकडं बघितलं, मग पलीकडच्या टेकडीकडं, मग मागं काठावरच्या एका जुन्या वडाकडं. तीन खुणांवरून आपली जागा काढणं आम्ही पोरांना प्रात्यक्षिकात शिकवतो आणि स्वतः विसरून जातो. आमच्यातल्या दोघांनी मोबाइल काढले. निळ्या पडद्यावर एक निळा ठिपका दिसत होता. सर हातानंच बोटवाल्याला पुढं नेत राहिले, आणि एका जागी म्हणाले, “थांब भो. हाई वेस.”

मी चमकून काकूंकडं बघितलं. इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून मी अहिराणीचा शब्द ऐकला नव्हता.

“आते हळू चाल,” सर म्हणाले. “डावा हातले लोहारनं घर. त्यानी भट्टी बाहेर रस्तावर येल व्हती, म्हनीसन गाडा आठे अडकेत. पुढे निंब. निंबखाले पार.”

बोटवाल्यानं बोट सरळ दामटली. सर ओरडले, “सरळ कसा जाशी? मधमा घर शे!”

बोटवाल्यानं आमच्याकडं बघितलं. चारी बाजूंना सपाट पाणी. आप्पांनी डोळा मारला, “वळाव भो, साहेब म्हनतस तसं.” आणि बोट त्या मोकळ्या पाण्यात काटकोनात वळली. आमच्यात खसखस पिकली. कुणीतरी विचारलं, “सर, गल्लीत समोरून बैलगाडी आली तर?” सर सहज म्हणाले, “तर आपन पारकडे सरकानं. ती वाट तेवढ्यासाठीच सोडेल शे.”

अशी ती बोट वळणं घेत राहिली. डावीकडं, मग उजवीकडं, मग जरा मागं. सर डावा हात आणि उजवा हातच म्हणत होते, हेही माझ्या ध्यानात आलं. नैर्ऋत्य-ईशान्य त्यांना त्या दिवशी लागलीच नाही. विहीर कुठं, तिचं पाणी गोड का, वरची विहीर खारी का. काळी माती कुठवर आणि मुरूम कुठून सुरू. “आमना वाडवडीलसनी गाव बराबर उच्चा जागावर बसाडं. तापीले केवढा केवढा पूर येयेत. पन बोरवनले पूर कधी लागना नही.” हे सांगताना त्यांच्या आवाजात जुना अभिमान होता.

देवळापाशी ते म्हणाले, “चपला काढा.” मी काढल्या. माझ्या शेजारच्या वरिष्ठ प्राध्यापकांनी इकडंतिकडं बघून बूट काढले. आप्पा सेल्फी घेत होते. त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि पायांतल्या सँडल काढून मांडीवर घेतल्या.

पुढच्या गल्लीत सरांनी बोट थांबवायला लावली. इंजिन बंद झालं. ते खाली पाण्याकडं वाकले.

“हाई मन्हं घर,” ते म्हणाले. “दार बुटकं शे. वाकी या.”

काकूंनी पिशवीतून थर्मास काढला. कागदी कपात चहा ओतत प्रत्येकाला दिला. “ल्या,” त्या म्हणाल्या, “ओटावर बठीसन ल्या.” लग्न होऊन त्या आल्या तेव्हा हे घर पाण्याखाली जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. सासरच्या ओट्यावर त्या पहिल्यांदाच पाहुण्यांना चहा देत होत्या. मला डोळ्यांतलं पाणी आवरेना. मी ते लपवलंही नाही.

चहा झाला. सर खाली बसले. एकदम थकल्यासारखे दिसले. “झालं,” असं छापील मराठीत म्हणाले. “आभारी आहे. आता परत जाऊ या.”

ऊन उतरलं होतं. बोटवाल्याला पुढची फेरी होती; त्यानं इंजिन सुरू केलं आणि काठावरच्या रिसॉर्टच्या पाटीकडं नाक करून बोट सुसाट सोडली.

“ओ भो!” आप्पा ताडकन उठले, बोट हेलकावली. “सरळ काय ली चालना? तठे घरं शेत ना!”

बोटवाला गोंधळला. त्यानं वेग कमी केला. “मंग कोनता बाजूले वळावू, साहेब?”

मला वाटलं, आप्पा आता सरांकडं बघणार. त्यांनी बघितलं नाही. सँडल अजून त्यांच्या हातातच होत्या. त्या सँडलनंच त्यांनी पाण्यावर वाट दाखवली.

“उजवा हातले ले पहिले. देऊळ सोड. मंग निंबले वळसा घाल, आन लोहारना घरपाईन हळू चाल, तठे गाडा अडकतस.”

सरांनी मान खाली घातली होती आणि ते फक्त ऐकत होते. लोहाराच्या घराला वळसा घालून आम्ही वेशीबाहेर पडलो, तेव्हा कुठं आप्पा खाली बसले.